चौथा महिना

घाटी रुग्णालयाच्या नेत्र ओपीडीत जालना-बीडकडून आलेला रुग्ण सांगतो, ‘नंबर वाढलाय, चष्मा द्या.’ चष्म्याने एक ओळही वाढत नाही. मोतीबिंदू नाही, फंडस स्वच्छ. मग कोणीतरी विचारते, गोळ्या कसल्या चालू आहेत? पिशवीतून टीबीची पाकिटे निघतात. चौथा महिना.

२०१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात रोजच्या गोळ्या आल्या आणि नव्या रुग्णात पूर्वी दोन महिन्यांनी थांबणारे एथॅम्ब्युटॉल सहाही महिने चालू लागले. आयसोनियाझिडला दाद न देणारे जंतू पाहता निर्णय योग्यच. पण या औषधाचा ऑप्टिक नर्व्हला असलेला धोका मात्रेबरोबर वाढतो. एका गोळीत २७५ मिलिग्रॅम. ३५ ते ४९ किलोच्या गटाला तीन गोळ्या. ४९ किलोच्या माणसाला किलोमागे १७ मिलिग्रॅम पडतात, ३५ किलोच्या माणसाला २३ च्या पुढे. आपल्याकडच्या क्षयरोग्याचा काटा कुठे थांबतो, हे वेगळे सांगायला नको. त्यात मूत्रपिंड मंद असेल तर औषध अंगात साचते.

रुग्णाचा मुलगा मोबाइलवर नस पुन्हा वाढवून देऊ म्हणणारी स्टेम सेलची जाहिरात दाखवतो. १९८५ मध्ये माँट्रियलला संशोधक आग्वायो यांनी परिघीय नसेचे कलम करून उंदराच्या दृष्टिपटलातले तंतू पुन्हा वाढवून दाखवले. २०२० मध्ये हार्वर्डच्या प्रयोगशाळेने तीन जनुके वापरून उंदराच्या चिरडलेल्या नसेत तेच साधले. माणसासाठी त्यातून अजून उपचार निघालेला नाही, आणि आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे स्टेम सेलचे उपचार विकता येत नाहीत. हे त्या मुलाला स्पष्ट सांगावे, जमीन विकण्याआधी.

आपल्या हाती आहे ती नोंद. पहिल्या गोळीआधी दोन्ही डोळ्यांची दृष्टी आणि इशिहाराची पाने तपासून कार्डावर लिहायची, मग दर महिन्याला तेच. ‘दोन्ही डोळ्यांना लाल सारखेच दिसते का?’ ही आपली आवडती युक्ती इथे फसते, कारण दोन्ही नसा बहुधा जोडीनेच जातात. तुलना मागच्या महिन्याशीच करायला हवी.

शंका आली तर चिठ्ठी देऊन रुग्णाला वाटेला लावू नका. क्षयरोग अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन करा. वेळेत औषध थांबवले तर अनेकांची दृष्टी सावरते. अडचण एवढीच की, एकाच गोळीत तीन औषधे असल्याने एथॅम्ब्युटॉल एकटे काढता येत नाही. सुट्या आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिनच्या गोळ्या आपल्या जिल्ह्यात कुठे मिळतात, हे रुग्ण समोर बसण्याआधीच विचारून ठेवा.