खेचरांवाचून लढाई

दिवाळी आली की मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात आणि पुढे वयाबरोबर हा नाद सोडून देतात. मी तो सोडला नाही. फक्त अंगणातून जेवणाच्या टेबलावर आणला. त्यामुळे सणाचे चार दिवस घरच्यांना पाटावर जेवावे लागते आणि त्याबद्दल जे ऐकावे लागते ते मी ऐकून घेतो. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली या खेळाच्या नियमांचे आख्खे पुस्तक लिहिले, हे सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.

खेळ असा : जेमतेम इंचभर उंचीचे धातूचे शिपाई बारीक कुंचल्याने रंगवायचे, टेपने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि कोण पडला, कोण वाचला हे फाशांवर ठरवायचे. चादरीखाली घोंगडीच्या घड्या घातल्या की डोंगर तयार. वॉटर्लू सगळेच मांडतात. मी यंदा मांडली १८६८ ची हबसाणची, म्हणजे आजच्या इथिओपियाची लढाई.

ही मोहीम निघाली आपल्या मुंबईहून, तरी आपल्याकडे तिची आठवण फारशी कुणाला नाही. सम्राट तेवोद्रोसने १८६२ साली व्हिक्टोरिया राणीला पत्र धाडले. उत्तर आले नाही. संतापून त्याने इंग्रज वकील आणि इतर युरोपियन लोक कैदेत टाकले. त्यांना सोडवायला मुंबई फौजेचा सरसेनापती नेपियर सुमारे १३,००० शिपाई, त्याहून जास्त बाजारबुणगे, ४४ हत्ती आणि हजारो खेचरे-उंट घेऊन तांबड्या समुद्राच्या झुला बंदरात उतरला. तिथून मगदला किल्ला सुमारे ४०० मैल, आणि सगळी वाट डोंगराची.

मी नेपियर झालो, कॉलेजात जाणारी पुतणी तेवोद्रोस. आरोगीच्या पठारावर माझी फौज, वर फाला टेकडीवर तिची. पहिला फासा पडायच्या आधीच घोडे अडले.

"काका, मी खाली कशाला येऊ? तुमच्याकडे मागून भरायच्या स्नायडर रायफली, माझ्याकडे भाले आणि ठासणीच्या बंदुका. मी वर बसले आहे ती बरी आहे."

दोन संध्याकाळी ती खाली उतरली नाही! पोरीचे चुकत कुठेच नव्हते. मग तेवोद्रोसची माणसे १० एप्रिलला उतरली तरी का? पुन्हा पुस्तक उघडले, तेव्हा माझीच चूक सापडली. सम्राटाला वरून दिसली होती ती ओझी लादून घाटाने चढणारी खेचरे. त्याला वाटले, यांच्यासोबत पहारा नाही. आयती लूट आहे. आणि मी तर जनावरे रंगवायच्या कंटाळ्याने ती मांडलीच नव्हती.

रातोरात शाडूची सोळा खेचरे वळली. दोन खेचरांमागे एक हाक्या. सकाळी ती वाटेवर ठेवताच पुतणी म्हणाली, "आता येते!"

पुढचे सांगण्यात गोडी नाही. फाशांनी तिला एकदाही हात दिला नाही. खऱ्या लढाईतही पावसाने झोडपलेल्या त्या माणसांना कुणी दिला नव्हता. ओझ्याजवळ पंजाब पायोनियर्स संगिनींनी लढले, कारण नव्या रायफली गोऱ्यांना होत्या, आपल्या लोकांना जुन्याच बंदुका. हबशांचे सुमारे ७०० मेले. नेपियरचे वीसेक जखमी झाले, त्यांतले दोघे पुढे दगावले. १३ एप्रिलला मगदला पडला आणि तेवोद्रोसने पिस्तूल स्वतःवर झाडले. ते पिस्तूल व्हिक्टोरियानेच त्याला भेट पाठवलेले.

पुतणी मेलेले शिपाई डब्यात भरत होती. हाक्यांवर येऊन थांबली. "काका, हे कुठले लोक?"

"मुंबईकडचे, पंजाबातले, इजिप्तचे, इराणचेसुद्धा. मिळतील ते धरून नेले."

"आणि त्यांचा खर्च?"

पोरीने नेमके विचारले. मोहिमेला नव्वद लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. त्यातला मोठा भाग इंग्लंडने उचलला, पण हिंदी फौजेचा नेहमीचा पगार आपल्याच तिजोरीतून गेला. दादाभाई नौरोजींनी १८६७ सालीच लंडनमध्ये निबंध वाचून या खर्चाबद्दल जाब विचारला होता. लढाई आमची नाही, राणीच्या पत्राशी आमचा संबंध नाही, मग पैसा आमचा का? हे सगळे मला ठाऊक होते. तरी टेबल मांडताना रायफली मांडल्या, हत्ती मांडले, आणि हाके विसरलो.

पुतणी आता तेवोद्रोस व्हायला तयार नाही. तिला खेचरांचा तांडा घेऊन झुलाहून निघायचे आहे. झुला बंदरात गोडे पाणी नव्हते. जहाजांवरच्या यंत्रांत समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायला द्यावे लागे, आणि जनावरे शेकड्यांनी मेली. अशा खेळाचे नियम माझ्याजवळच्या कुठल्याही पुस्तकात नाहीत. म्हणून आम्हीच लिहायला बसलो आहोत. पहिला नियम तिने घातला : तहानलेले खेचर फासा सहाचा पडला तरी एक इंच हलत नाही.

टेबल अर्थातच अजून मोकळे झालेले नाही.