अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा नोंदवण्याबाबत पासलीच्या ज्येष्ठ नागरिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, वेल्हे (राजगड)

बरे होण्याची आशा उरली नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असताना इच्छापत्रात लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी मान्य केला. 24 जानेवारी 2023 रोजी पद्धतही सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन, आणि एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. या संस्थांत पंचायतही येते. असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि मुंबई महापालिकेने असे अधिकारी नेमले. पासलीच्या माणसाचा हक्क त्याहून कमी नाही.

आमच्याकडे ही इच्छा तोंडीच राहते. ‘मला घरीच राहू द्या’ असे म्हातारे माणूस दहा वेळा सांगते. ऐन वेळी गाडी शहराकडे निघते आणि दवाखान्याच्या दारात त्या शब्दाला आधार उरत नाही. नळ्या लागतात, कर्ज होते, शेवटचा श्वास अनोळखी माणसांत जातो. मुलांना आम्ही दोष देत नाही. ‘आता पुरे’ हे एकट्याने कोण म्हणेल? कागद असेल तर तो भार त्यांच्यावर पडत नाही.

म्हणून 30 दिवसांत आमच्या ग्रामपंचायतीसाठी इच्छापत्रे सांभाळणारा जतन अधिकारी नेमावा व त्याचे नाव आणि फोन फलकावर लावावा. इच्छापत्र मोहोरबंद ठेवून पोच द्यावी. गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही, म्हणून गुप्ततेची जबाबदारी लेखी असावी.

साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकाऱ्याने तीन महिन्यांतून एकदा पासलीत यावे; अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जावे. यासाठी नवे पद लागत नाही. वारसांना साक्षीदार करू नये. जमिनीसाठी दबाव आल्याची शंका असेल तर सही थांबवावी. इच्छापत्र केव्हाही रद्द करता येते, हे प्रत्येकाला मराठीत वाचून दाखवावे.

रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर ‘इच्छापत्र आहे’ अशी नोंद असावी. उपचार थांबवण्याचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो प्रत्येकी 48 तासांत द्यावा, असे न्यायालयाने सांगितले आहे. दुसऱ्या मंडळासाठी जिल्ह्याने द्यायच्या डॉक्टरांची यादी आधीच तयार ठेवावी.

उपचार नाकारणे म्हणजे काळजी नाकारणे नव्हे. अमली पदार्थ कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीने वेदनाशामक मॉर्फिनची वाट सुकर केली आहे. ते तालुक्यात मिळावे आणि घरी शुश्रूषा कशी करावी याचे प्रशिक्षण आशा सेविकांना मानधनासह द्यावे.

लेखी उत्तर 30 दिवसांत अपेक्षित आहे. आम्ही इच्छापत्रे लिहायला तयार आहोत. ती स्वीकारणारा अधिकारी नेमा.