रॅक घरी बनवा, पण 'आयुष्यभर हलणार नाही' असा नको



पिकअपच्या हौद्यात रॅक बसवायचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, एकूण खर्च किती?" सांगतो, पण जरा थांबा. खर्चाआधी मला एका गोष्टीवर तुमच्याशी भांडायचं आहे. तुमचा धंदाच अजून नीट ठरलेला नाही, मग गाडीचा हौदा कायमचा ठरवून टाकायची एवढी घाई का?

हे बोलायचा हक्क मला आहे, कारण ही चूक मी स्वतः पैसे मोजून केली आहे.

२०११ साली मी कुपवाडला प्लंबिंगची छोटी कामं घ्यायचो. सेकंडहँड छोटा हत्ती घेतला होता. एल्बो, टी, कपलिंग, नळ, सोल्युशनचे डबे, थ्रेडिंगचा डाय, सगळं गोणीत भरून हौद्यात टाकायचं आणि साइटवर गेलं की अर्धी गाडी खाली उतरवून एक अर्ध्या इंची एल्बो शोधायची. शेवटी एका फॅब्रिकेटरला गाठलं. तो म्हणाला, "मालक, तीन कप्पे करून वेल्डिंग मारून टाकू. आयुष्यभर हलायचं नाही." मला ते फार आवडलं. पक्कं काम! दोन दिवसांत रॅक हौद्याला चिकटला आणि पुढचे चार-पाच महिने मी खरंच खूश होतो.

मग फेब्रुवारी उजाडला. उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याच्या टाक्यांना मागणी येते, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. एका दुकानदारानं विचारलं, "टाक्या आजूबाजूच्या गावांत पोचवशील का? फेरीप्रमाणे भाडं देतो." सीझनभराचं काम होतं. आणि माझ्या हौद्यात एक टाकी उभी राहत नव्हती, आडवी बसत नव्हती, कारण मध्ये ते तीन कप्पे. ग्राइंडर लावून कापायला दोन दिवस गेले, हौद्याचा पत्राही दोन ठिकाणी फाटला. तोवर दुकानदारानं दुसरी गाडी लावली होती. त्या उन्हाळ्याचं भाडं गेलं ते गेलंच. रॅक खरोखर हलला नाही, आणि तेच माझं दुखणं झालं.

म्हणून आज कुणी विचारलं की मी सांगतो, रॅक कराच, पण उंची बदलता आली पाहिजे, आडव्या पट्ट्या मागेपुढे सरकवता आल्या पाहिजेत, आणि गरज नसेल त्या दिवशी दोन माणसांना तासाभरात अख्खा रॅक काढून भिंतीला टेकवता आला पाहिजे. यातलं एक जरी जमत नसेल, तर तो तुमच्या धंद्याला घातलेला खोडा समजा.

आधी पंधरा दिवस वही

लगेच पाइप आणायला पळू नका. पंधरा दिवस गाडीत एक वही ठेवा. रोज काय भरलं, कोणत्या क्रमानं भरलं, आणि साइटवर एक वस्तू काढण्यासाठी दुसऱ्या किती वस्तू खाली उतरवाव्या लागल्या, एवढंच लिहा. बहुतेक लोक हे करत नाहीत, मला माहीत आहे. पण जे करतात त्यांचा रॅक वेगळाच निघतो. माझ्याकडं शिकायला आलेल्या एका इलेक्ट्रिशियन मुलाला चार कप्पे हवे होते. वही बघितल्यावर कळलं की त्याला रोज लागतात दोनच पेट्या, बाकीचा माल आठवड्यातून एकदा. शेवटी त्यानं वर वायरची बंडलं, मागच्या फाळक्यापाशी दोन पेट्या आणि मध्ये मोकळी जागा ठेवली. ती मोकळी जागाच त्याला भाडं मिळवून देते.

वही झाली की स्लॉटेड अँगल, प्लायचे तुकडे आणि दोरी यावर कच्चा रॅक बांधून आठवडाभर चालवा. तो हलेल, आवाज करेल, बघणारे हसतील. हसू द्या. अँगलचे नट काढून पट्टी चार इंच खाली घ्यायला दहा मिनिटं लागतात, पण लोखंड एकदा कापलं की परत जुळत नाही.

बनवायचा कसा

आपण यूट्यूबवर अमेरिकेतले रॅक बघतो आणि तसाच हवा म्हणून बसतो. तिकडच्या मोठ्या पिकअपचा लांब हौदा आठ फुटी असतो, चार बाय आठची शीट आडवी टाकता यावी अशा मापाचा, आणि त्याच्या बाजू पक्क्या असतात. त्यामुळं ते रॅकचे खांब बाजूच्या कडेवर बसवतात. आपल्या छोटा हत्तीचा हौदा साधारण सव्वासात फूट लांब. आणि आपल्याकडच्या कित्येक गाड्यांचे तिन्ही बाजूंचे फाळके उघडतात. बाजूच्या फाळक्यावर खांब बसवला की तो फाळका कायमचा बंद. मग गोडाऊनला गाडी बाजूनं लावून माल उतरवायची सोय गेली. म्हणून खांब हौद्याच्या आत, चार कोपऱ्यांत, खालच्या चौकटीवर उभे करा.

खांबासाठी ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. त्याच्या आत सरकणारा दुसरा पाइप, म्हणजे उंची कमीजास्त करता येते. इथं एक गंमत आहे. कागदावर ४० च्या आतलं माप ३६ येतं, म्हणून ३५ चा पाइप आरामात जाईल असं वाटतं. पण बाहेरच्या पाइपाला आतून वेल्डिंगची शिवण असते आणि तीच अडवते. त्यामुळं दुकानातच दोन्ही तुकडे एकात एक घालून बघा, जात नसेल तर शिवण घासून घ्यावी लागेल. दोन्ही पाइपांना दर चार इंचावर भोक, त्यात १२ मिलिमीटरचा बार आणि वरून लिंच पिन. लिंच पिन शोधत शहरभर फिरू नका, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळते. आडव्या पट्ट्यांसाठीही लांब पट्ट्यांवर अशीच भोकं आणि नटबोल्ट.

पिनेवरचा खांब थोडा डुलतोच, म्हणून कोपऱ्यात तिरक्या पट्ट्या बोल्टनं कसाच. लोखंडावर लोखंड वाजू नये म्हणून मध्ये पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब कापून घाला. पाइपाच्या वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या टोप्या आणि खाली पाणी निघायला एक बारीक भोक. नाहीतर पावसाळ्यात पाणी आत साचतं आणि रॅक आतून सडतो, बाहेरून मात्र रंग ताजा दिसतो. भोकं पाडून झाल्यावरच रेड ऑक्साइड लावा, आधी नाही.

आणि वेल्डिंग करायचंच असेल ते रॅकच्या तुकड्यांवर, गाडीपासून लांब. गाडीवर मशीन लावायची वेळ आलीच तर आधी बॅटरीच्या तारा काढा, नाहीतर अल्टरनेटर किंवा ईसीयू उडण्याची भीती असते.

वजन आणि ब्रेक

आता ज्याच्यावर कुणी बोलत नाही ते. ४० बाय ४० चा पाइप मीटरला साधारण २.४ किलो भरतो. छोटा हत्तीसाठी असा पूर्ण रॅक प्लेटा-बोल्टसकट साठ किलोच्या आसपास जातो. हे साठ किलो तुमच्या मालातून वजा होतात. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन दोन्ही लिहिलेलं असतं. त्यातला फरक म्हणजे तुमची मर्यादा, आणि त्यात तुम्ही दोघं बसणारेही आले. समजा फरक ७५० किलो आहे. रॅकचे ६०, दोन माणसांचे १४०, राहिले ५५०. रॅकमुळं जागा वाढल्यासारखी दिसते आणि माणूस भरत सुटतो. जागा वाढते हो, ताकद नाही वाढत. शिवाय जड माल वर गेला की वळणावर गाडी कलते. वर हलकं, खाली जड, यात मी कुणाचंही ऐकत नाही.

ब्रेकचं मी अनुभवावरून सांगतो. तीन-तीन मीटरला कापलेले एक इंची जीआय पाइप, दहा नग, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलो, मी रॅकच्या वर नायलॉनच्या दोरीनं बांधले होते. मिरज रोडला म्हैस आडवी आली. मी कचकन ब्रेक दाबला, गाडी थांबली, पाइप नाही थांबले. कॅबिनवरून घसरत काचेसमोरून रस्त्यावर गेले. पुढं मोटारसायकलवर एक माणूस होता. पाइप त्याच्यापासून दोन हातांवर पडले. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. माझा हेल्पर खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसला आणि पाच मिनिटं उठलाच नाही.

जोरात ब्रेक लागला की मालाचा पुढं जाणारा जोर त्याच्या वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. गुळगुळीत पाइपाला नुसती आडवी दोरी तो जोर रोखत नाही. म्हणून वरच्या दोन्ही लांब पट्ट्या कॅबिनवर पुढं काढा आणि त्यांच्या टोकाला वीतभर उंचीची आडवी प्लेट बसवा. पाइपांची टोकं त्या प्लेटला टेकलेली असली पाहिजेत. त्यावर दोन रॅचेट बेल्ट, बंडलाला पूर्ण वेढा देऊन. दोरी बाकीच्या कामांना ठेवा.

आणि वीस फुटी पाइप? नाही. छोटा हत्ती पुढून मागून मोजली तरी साडेबारा फुटांच्या आसपास. रॅक केला म्हणून वीस फुटी पाइप नेता येत नाही. माल हौद्याच्या बाहेर काढून नेला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजारांचा दंड आहे, जास्त वजनालाही २० हजारांपासूनच सुरुवात. दंड बाजूला ठेवा, मागून रात्री येणाऱ्या दुचाकीवाल्याला तो पाइप दिसत नाही. दुकानातच कापून घ्या, नाहीतर दुकानदाराला त्याच्या गाडीनं पाठवायला सांगा.

त्याच कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आहे. चॅसीला हात लावू नका, हौद्याच्या मापाबाहेर रुंदी काढू नका, आणि आपल्या आरटीओत एकदा जाऊन विचारा. विमा कंपनीलाही कळवून ठेवा. निघणारा रॅक इथंही कामाला येतो.

आता खर्च

वर सांगितलेल्या इलेक्ट्रिशियन मुलाचा रॅक नऊ हजारांच्या आत झाला. कापणं, भोकं पाडणं त्यानं स्वतः केलं, वेल्डिंग तेवढं बाहेरून. त्याचा हिशेब असा होता की रोज तीन साइटवर वीस-वीस मिनिटं वाचली तर दिवसाला एक तास, महिन्याचे पंचवीस. दोन माणसांचा तास २३० रुपयांचा धरला तर महिन्याला पावणेसहा हजार. म्हणजे दोन महिन्यांत रॅक फुकट!

मी त्याला विचारलं, "अहो, तो वाचलेला तास तुम्ही विकला का?" तो गप्प. कारण पहिला महिनाभर तो तास चहाच्या टपरीवर जात होता. वेळ वाचला म्हणजे पैसा आला, हे आम्ही ट्रेनर मंडळी फार सहज बोलतो, मीही बोललो आहे. पण खरं तर त्या तासात चौथं काम घेतलं तर पैसा, घरी लवकर गेलात तर आराम. दोन्ही चांगलं, पण वहीत पावणेसहा हजार जमा दाखवू नका. त्यानं नंतर संध्याकाळी पंखे आणि मिक्सर दुरुस्तीची कामं धरली, तेव्हा कुठं रॅकचे पैसे निघाले. चार महिने लागले.

"सर, एवढी कटकट करण्यापेक्षा रेडिमेड का नको?" असंही लोक म्हणतात. ज्याचा माल पाच वर्षं एकच आहे, ब्रेडवाला म्हणा, गॅसवाला म्हणा, त्यानं जरूर पक्की बॉडी बांधून घ्यावी. त्याला सरकत्या पट्ट्यांचं काय काम? पण आज फिटिंग, उद्या टाकी, परवा कुणाचं घरसामान असं ज्याचं चाललंय, त्यानं नऊ हजार आणि दोन रविवार घालवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

एक शेवटचं. माप घ्यायला जाल तेव्हा फाळके उघडे टाकून आणि बंद करून, दोन्ही वेळा टेप लावा. बिजागरी आणि कडीला आतून किती जागा लागते ते बंद फाळक्यात दिसत नाही. माझा दुसरा रॅक त्यापायीच अर्ध्या इंचानं अडकला होता, आणि पुन्हा तोच ग्राइंडर काढावा लागला.