सुटका झाली, उपचारांचे काय?

अटक झालेल्या माणसाची तपासणी सरकारी डॉक्टरने करावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३ सांगते. त्यामुळे शिरपूर तालुक्यातला आरोपी बहुधा न्यायाधीशांच्या आधी आमच्यासमोर येतो. जखमा पाहायच्या, रक्तदाब घ्यायचा, कागद भरायचा. त्या वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा: रोज पिता का, आणि शेवटची कधी घेतली?

रोज पिणाऱ्याची दारू कोठडीत एकदम तुटते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, दरदरून घाम येतो, ताप चढतो. पाहणाऱ्याला वाटते, हा नाटक करतोय. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. लोराझेपाम आणि थायमिन वेळेवर मिळाले, तर बहुतेक जण वाचतात, आणि ही औषधे महाग नाहीत.

दुसरा धोका सुटकेनंतरचा आहे, त्याकडे आपले लक्षच नसते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचे प्रमाण त्याच वयोगटातील इतरांच्या जवळजवळ तेरा पट होते. मुख्य कारण अमली पदार्थांचा अतिडोस. तिथला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू नाही, इकडे दारू अधिक. पण तुरुंगात शरीराची सवय मोडते आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापाने पितो, हे इथेही खरे आहे. तीच गावठी, तेच मित्र, शिवाय डोक्यावर वकिलाचे कर्ज आणि गावात कोणी कामावर घ्यायला तयार नाही.

२०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांची सुटका जामिनावर आणि अचानक होते. संध्याकाळी दार उघडते, औषधाची चिठ्ठी आतच राहते. क्षयरोगाच्या गोळ्या अशा मध्येच बंद पडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि खोकला घरच्यांपर्यंत पोहोचतो.

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत औंध संस्थानाने १९३९ पासून कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करू दिली. ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तिथलीच. घर आणि काम हाताशी असले की माणूस टिकतो, हे तेव्हा एका छोट्या संस्थानाला कळले होते. शिक्षा लागलेल्यांसाठी आज खुली कारागृहे आहेत. कच्च्या कैद्याला मात्र त्यातले काही मिळत नाही, आणि मला ते चुकीचे वाटते.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. सुटलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात आणावे. क्षयाचे उपचार चालू असतील तर निक्षय क्रमांक सांगावा, त्यावरून पुढचे उपचार इथेच सुरू राहतात. झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. फोन मोफत आहे. गुन्हा काय केला, हे आमच्याकडे कोणी विचारणार नाही.