दर नव्हे, बेरीज विचारा!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण काठ बघतो, पदर उलगडायला लावतो, ब्लाऊजपीस आतला की वेगळा ते विचारतो, आणि मगच किमतीचं बोलतो. पण रोज सकाळ-संध्याकाळ ज्याच्यापुढे उभं राहायचं, त्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची खरेदी मात्र एकाच प्रश्नावर उरकतो, "फुटाला काय भाव?"

माझ्या धाकट्या जावेचंही हेच व्हायचं होतं. सांगलीला तिचं घर. कडप्प्याचा जुना ओटा लिंबा-चिंचेनं पांढुरका पडलेला, सिंकपाशी तडा गेलेला. भिशीचे १५,००० रुपये हाती आले तेव्हा तिनं ग्रॅनाइट बसवायचं ठरवलं आणि तीन ठिकाणी चौकशी केली. पहिला म्हणाला, १९० रुपये चौरस फूट. दुसरा म्हणाला, ३४०. तिसऱ्यानं ओट्याकडे नुसती नजर टाकली आणि कार्डाच्या मागे लिहून दिलं, सगळं मिळून ९,०००.

भावजी म्हणाले, "यात विचार कसला करायचा? ३४० वाला सरळ लुटतोय!" जावेला ते पटेना, पण का पटत नाही हेही सांगता येईना. मला फोनवर म्हणाली, "ताई, पैसे माझे म्हणून जास्तच धास्ती वाटते. चुकलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

रविवारी मी गेले. टेप आणि वही घेऊन आम्ही दोघी बसलो. ओटा १२ फूट लांब, २ फूट रुंद, म्हणजे २४ चौरस फूट. पुढच्या कडेची ३ इंची पट्टी ३ चौरस फूट, भिंतीलगतची ६ इंची पट्टी ६ चौरस फूट. एकूण ३३. मग तिघांनाही फोन लावून एकच प्रश्न विचारला, "या ३३ फुटांचं काम पुरं होऊन ओटा वापरायला मिळेपर्यंत माझे एकूण किती जातील?"

पहिल्याचा भाव नुसत्या दगडाचा निघाला, तोही अख्ख्या लादीवर. ७ फूट बाय ३ फूट अशा दोन लाद्या, म्हणजे ४२ फूट. त्याचे झाले ७,९८०. बसवण्याची मजुरी १,३२०, कड गोल करण्याचे १,०८०, सिंकचं भोक ६००, टेम्पो आणि हमाली ९००. बेरीज ११,८८०, आणि जीएसटी वर. नाकापेक्षा मोती जड! उरलेला ९ फूट दगड आपला, हे खरं. पण तो लागणार असेल तरच त्याला किंमत.

दुसऱ्याचे ३४० बसवलेल्या मापावर होते. कापणं, कड, सिंकचं भोक, मजुरी, टेम्पो, कर, सगळं धरून. ३३ गुणिले ३४०, झाले ११,२२०. म्हणजे ज्याला लुटारू म्हटलं, तोच स्वस्त!

आणि ९,००० वाला? त्याचा दगड १४ मिलिमीटरचा, बाकी दोघांचा १८ चा. भिंतीलगतची पट्टी त्यात नाही, सिंकचं भोकही नाही. तो स्वस्त होता, कारण त्यात कमी होतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते हेच. (जुना ओटा काढण्याचे पैसे तिघांनीही वेगळेच सांगितले, म्हणून ते आम्ही तुलनेत धरले नाहीत.)

आकडे आमच्याकडचे आहेत. तुमच्या गावी भाव वेगळा असेल, पण प्रश्न बदलणार नाहीत. तेव्हा भाव विचारायला जाताना हे लिहून न्या :

१) माप कशाचं? अख्ख्या लादीचं की बसवलेल्या ओट्याचं? काही ठिकाणी इंच पुढे चढवून धरतात, तेही विचारा. सिंकच्या जागेचा दगड सहसा वजा करत नाहीत. मग तो निघालेला तुकडा मागून घ्या. देवघराखाली नाहीतर खिडकीत छान बसतो.

२) दगड कोणता? 'काळा ग्रॅनाइट' एवढ्यानं भागत नाही. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, तांबडा दगड आपल्या इरकल लुगड्यांच्या इलकलचा, तपकिरी टॅन ब्राऊन तेलंगणातल्या करीमनगरकडचा. प्रत्येकाचा भाव निराळा. कागदावर नाव लिहून घ्या.

३) जाडी किती? पुढची कड बघून फसू नका. तिथे खालून दुसरी पट्टी चिकटवून जाड दाखवतात. आतल्या बाजूला पट्टी लावून मोजा.

४) कड गोल करणं, सिंक आणि शेगडीची भोकं, टेम्पो, हमाली, जिना चढवणं, कर, यातलं आत काय आणि बाहेर काय?

५) जुना ओटा कोण काढणार, राडारोडा कोण नेणार आणि नळ पुन्हा कोण जोडणार?

६) सांधा कुठे येणार? सिंकच्या भोकावर येऊ देऊ नका. तिथे दगड आधीच अरुंद झालेला असतो.

नमुन्याचा तुकडा घरी आणून दोन परीक्षा घ्या. लिंबाचे चार थेंब टाकून पाव तास ठेवा. चकाकी गेली, तर तो ग्रॅनाइट नव्हे. मग पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश काढायचं औषध घेऊन घासा. कापूस काळा झाला, तर दगडाला रंग चढवलाय असं समजा. लादी पसंत पडली की मागच्या बाजूला खडूनं आपलं नाव घाला आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दगड एकदा कापला की कोणी परत घेत नाही. म्हणून पैसेही सगळे आगाऊ देऊ नका. थोडे लादी निवडताना, थोडे माल आल्यावर आणि उरलेले सिंकमधून पाणी नीट जातंय हे पाहून.

एक आणखी. उंची मिस्त्रीला ठरवू देऊ नका. पोळी लाटताना खांदे वर चढणार नाहीत आणि पाठ वाकणार नाही, अशी तुमच्या कोपराच्या मापानं ठरवा. त्याला पैसे पडत नाहीत.

जावेनं तो कागद भावजींपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "अगं, मग ३४० वालाच स्वस्त की!" ती हसली नुसती. भिशीच्या पैशांत जुना ओटा काढण्याची मजुरी आणि नळवाल्याचे पैसेही बसले. परवा गेले तेव्हा नव्या ओट्यावर तिनं पुरणपोळ्या लाटल्या होत्या, आणि तो कागद कपाटात घडी घालून ठेवलाय. शेजारणीला लागणार आहे म्हणे!