गणित की जीवशास्त्र? पेशीतल्या ‘बैलजोडी’ला दोन्ही लागतात!

दहावीचा निकाल लागला की बाळापुरातही घरोघरी तोच प्रश्न: पोराने गणित घ्यायचं की जीवशास्त्र? एमएचटी-सीईटीचेही पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट. एक इंजिनीअरिंगकडे नेतो, दुसरा औषधनिर्माण किंवा शेतीकडे. ‘नीट’चा रस्ता आणखी वेगळा. हिशेब सोपा आहे, पण अपुरा. मुंबईतलं एक संशोधन पाहिलं की ते कळतं.

काय आहे हे संशोधन?

प्रथिनं म्हटलं की डाळ आणि अंडी आठवतात. पेशीत मात्र काही प्रथिनं चक्क हमाली करतात. ‘कायनेसिन’ आणि ‘डायनीन’ ही त्यातलीच. सूक्ष्म नळ्यांच्या रुळांवरून ती ओझं वाहतात. कायनेसिनचं एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम दहा हजारावा भाग.

मोजतात कसं?

लेझरच्या चिमट्याने. लेझरचा झोत एका बिंदूवर आणला की बारीक मणी तिथे अडकून राहतो. प्रथिनाने तो ओढला की किती सरकला, यावरून जोर कळतो. एकट्या डायनीनचा जोर साधारण 1 पिकोन्यूटन; सफरचंद हातात धरायला लागणाऱ्या जोराचा लाख कोटीवा हिस्सा! हा चिमटा शोधणारे आर्थर अ‍ॅश्किन भौतिकशास्त्रज्ञ. 1987 मध्ये त्यांनी त्यात जिवंत जिवाणू पकडले. नोबेल मिळालं 2018 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी.

त्याच वर्षी इन्फोसिस पुरस्कार मिळालेले रूप मलिकही मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. पुरस्कार मात्र जीवशास्त्राचा! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवलं, की कायनेसिन एकटं दणकट असलं तरी टोळीत फारसं चालत नाही. दुबळं डायनीन उलट. चिखलात रुतलेल्या गाडीला जास्त बैल जुंपावेत, तशी अनेक डायनीन भार वाटून घेतात. पुढची ओढ वाढली की आखूड पावलं टाकतात, म्हणून मागची त्यांना गाठतात.

याचा आजाराशी काय संबंध?

पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि डायनीन तो ‘कत्तलखान्या’कडे ओढून नेतं. काळा आजाराच्या परजीवीचा एक रेणू डायनीनची ही टोळीच जमू देत नाही, असं याच गटाच्या 2016 च्या कामातून दिसलं.

हे मोजायला गणित लागलं आणि समजायला जीवशास्त्र. ज्या मुलांना झेपतं, त्यांना पंधराव्या वर्षी एक विषय सोडायला लावू नये. अकरावीत दोन्ही घेता येतात. फॉर्म भरताना हे घरात कुणीतरी सांगायला हवं.