अजगराला पाणी लागतेच

‘अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहतो, त्याला पाण्याची काय मातबरी? उंदरातून मिळते तेवढे पुरते.’ परदेशात बॉल पायथन पाळणाऱ्या अनेकांचे हे मत. आपला भारतीय अजगर पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावाच. इथे बोलतो आहे ते घाना, टोगो, बेनिनकडच्या या पश्चिम आफ्रिकी जातीविषयी.

यातली उपासाची गोष्ट खरी आहे. पण भूक सोसणारा प्राणी तहानही तशीच सोसतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. हा साप रानात उंदीरघुशींच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो. तिथली हवा दमट असल्याने त्याच्या अंगातले पाणी फारसे उडत नाही. काचेच्या पेटीत वर दिवा लावला की तीच हवा कोरडी ठक्क होते आणि साप दर श्वासाला पाणी गमावतो. युरिक आम्ल घट्ट स्वरूपात टाकून तो पाणी वाचवतो, हेही मान्य. पण काटकसर करणाऱ्याला गरजच नसते, असे कोण म्हणेल? आपल्याकडे नागपंचमीला नाग दूध पितो तोही आधी तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. दूध काही सापाला पचत नाही.

भक्ष्यातल्या पाण्याचा हिशेबही फसवा आहे. त्यातली प्रथिने पचवून नको तो नायट्रोजन बाहेर टाकायलाच पाणी खर्ची पडते. शिवाय अजगराचे पचन हे सगळ्या शरीराचे काम असते. बर्मी अजगराचे हृदय मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेले आढळले आहे! एवढा खटाटोप कोरड्या आणि गार शरीराला कसा झेपणार? पचनासाठी लागणारी ऊब सापाला बाहेरूनच घ्यावी लागते. पेटी थंड असली तर भक्ष्य पोटातच कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो.

‘मळ अडला की कोमट पाण्यात बुडवा’, हा उपाय सांगणारेही मूळ कारण, म्हणजे कोरडी पेटी, सोडून देतात. जबरदस्तीच्या रोजच्या आंघोळीने साप बिथरतो, आणि पेटी कोरडी ती कोरडीच राहते. खरा उपाय पेटीतच आहे: वेटोळे घालून बसता येईल असे जड भांडे, त्यात रोज ताजे पाणी, ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, उबदार कोपरा ३१ ते ३३ अंश आणि दुसरा २५-२६. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाहून जाड नको. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हातही लावू नये. पाहुण्यांना दाखवायला तेव्हाच बाहेर काढणे हा निव्वळ छळ आहे.

कातडी सुरकुतली, कात तुकड्यातुकड्यांनी निघाली किंवा विष्ठेतला पांढरा भाग पिवळा, खड्यासारखा झाला, तर पुढचा उंदीर देऊ नका. आधी पाणी आणि तापमान तपासा, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेल्या पशुवैद्याला दाखवा.